हरणीच्या चाव्या

आमच्या घरी माणसांच्या आधी ट्रक उठायचा, असं मी सांगते तेव्हा नातवंडं हसतात. हसू देत. शिरूरला घोडनदीच्या बाजूला आमचं घर होतं. पुढं मोठं अंगण, आणि अंगणात चिंचेखाली तो लांब नाकाचा, मिलिटरीच्या लिलावातून आलेला ट्रक. पळण्यात त्याची बैलगाडीशी बरोबरी, म्हणून आईनं त्याचं नाव हरणी ठेवलं होतं. पहाटे गेनूमामा हरणीच्या नाकात लोखंडी हँडल घालून गरागरा फिरवायचे. ती आधी खोकायची, मग शिंकायची, मग एकदम थरथरत चालू व्हायची आणि आमच्या चुलीवरचं झाकण तिच्याबरोबर वाजू लागायचं. त्या आवाजात आई भाकऱ्या थापायची. भाकरी, लसणाची चटणी आणि तव्यावर ठेचलेलं वांगं फडक्यात बांधून गेनूमामांच्या हातात द्यायचं, हे माझं काम. मग हरणी भाजीच्या पाट्या घेऊन पुण्याच्या वाटेला लागायची आणि आमचं घर एकदम शांत व्हायचं, ते संध्याकाळपर्यंत.

गेनूमामा आमचे ड्रायव्हर. नात्यानं मामा नव्हेत, पण मी सहा वर्षांची होते तेव्हापासून त्यांच्या हातचा फुटाण्यांचा पुडा खात आले, त्याला दुसरं काय म्हणणार? माणूस काटक, कमी बोलणारा. आप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, त्यांच्यावाचून पान हलत नव्हतं. पण आप्पा हे कबूल करतील तर शपथ! आप्पांचा स्वभाव असा, की ज्याची गरज जास्त त्याच्यावर आवाज जास्त चढायचा. त्या वर्षी नवरात्राच्या आधी गेनूमामांनी सरळ येऊन सांगितलं होतं, "आप्पा, दौंडचा एक मालक नव्या गाडीवर बोलावतोय. मी अजून व्हय म्हणलं न्हाई. तुमच्या कानावर घालतो." लपवाछपवी नको म्हणून सांगितलं बिचाऱ्यानं. आप्पांनी "बरं" म्हटलं आणि ते मनात ठेवलं. आमच्या घराण्यात मनात ठेवण्याची खोड आहे. मलाही आहे, आणि हे सगळं प्रकरण तिच्यापायीच घडलं.

हरणीला दोन चाव्या होत्या. दोन्ही दारांच्या दोन वेगवेगळ्या; स्विच बिनचावीचा, नुसता खटका. दोन्ही एकाच कड्यात. दुसरा जोड नव्हता, लिलावात मिळालाच नव्हता. खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा व्हायची. हत्यारं म्हणजे काय, विळे, कुदळ, हरणीचे पाने, जॅक, ते लोखंडी हँडल, आणि या सगळ्यांवर मानाचं म्हणून चाव्यांचं कडं. गेनूमामांनी दोन्ही दारं लावून कडं आईच्या हातात दिलं. आईनं ते देव्हाऱ्यासमोर घटाच्या शेजारी ठेवलं, हळदकुंकू वाहिलं, वरून झेंडूची ओंजळ टाकली. त्या दिवशी गाडीला हात लावायचा नाही. दसऱ्याला घट उठले की चाव्या उचलायच्या आणि हरणीनं गावाची शीव ओलांडून यायचं, मगच नव्या वर्षाच्या फेऱ्या सुरू. इतकी वर्षं यात कधी खंड पडला नव्हता.

दसऱ्याच्या सकाळी आई पुरणात गुंतली होती. घट मी उठवला. उगवलेलं धान खुडून देवाला वाहिलं, थोडं आप्पांच्या टोपीत खोवायला ठेवलं. मग घटाखालची माती, विड्याची पानं, सुकलेल्या माळा आणि आजूबाजूचे झेंडू असं सगळं दोन्ही हातांनी ओढून पाटीत भरलं. माझं लक्ष कुठं होतं, तर मॅट्रिकनंतर मला पुण्याला शिकायला धाडायचं की नाही, याचा निकाल आप्पा दसरा झाल्यावर देणार होते. पाटी डोक्यावर घेऊन मी नदीवर गेले आणि घाटाच्या शेवटच्या पायरीवरून ती पाण्यात पालथी केली. पाण्याखालच्या दगडावर काहीतरी टण्‌ करून वाजलं. कलशातला पैसा असेल, असं म्हणून मी हात धुतले आणि घरी आले.

दुपारी जेवणाआधी आप्पांनी चाव्या मागितल्या. आई देव्हाऱ्याशी गेली. मग परत गेली. मग तिनं पाट उचलला, आसन झटकलं, हळदीकुंकवाची कुयरीसुद्धा उघडून पाहिली. माणूस हरवलेली वस्तू कुठं कुठं शोधतो! आप्पा दारात उभे होते. ओसरीवर गेनूमामा नवी टोपी घालून बसले होते. हरणीला त्यांनी सकाळीच झेंडूचा हार घातला होता, चाकांखाली लिंबं ठेवली होती.

"काल संध्याकाळी परसाद घ्यायला आत कोण आलं हुतं?" आप्पांनी विचारलं.

"मी आलो हुतो," गेनूमामा म्हणाले. "वैनींनी बोलावलं म्हणून."

"देव्हाऱ्यापर्यंत?"

"देवाच्या पाया पडायला देव्हाऱ्यापर्यंतच जावं लागतं, आप्पा."

दौंडच्या मालकाचं जे मनात ठेवलं होतं, ते त्यांच्या तोंडावर आलेलं मला दिसलं. आणि त्याच क्षणी माझ्या कानात ते टण्‌ वाजलं. मी हातात पुरणपोळीचं ताट घेऊन उभी होते. ताट खाली ठेवलं आणि परसात गेले.

धुणं धुवायचं निमित्त करून मी नदीवर पळाले. वरून पाणी सोडलेलं होतं. सकाळी जी पायरी कोरडी होती ती गुडघाभर पाण्यात गेलेली. गढूळ पाण्यात हात घालून मी दगड चाचपले. हाताला शेवाळ लागलं, कुणाची तरी फुटकी बांगडी लागली. माझ्या पाटीतले झेंडू तर केव्हाच पुलाच्या पलीकडं गेले होते. परकर कंबरेपर्यंत भिजवून मी घरी परतले. आईनं विचारलं, "एवढी का भिजलीस?" मी म्हटलं, पाय घसरला.

तेव्हाच सांगायला हवं होतं. हे वाक्य मी आजवर मनात किती वेळा म्हटलं असेल, त्याला गणती नाही. पण सतरा वर्षांच्या मुलीला वाटलं, हिचं घरात लक्ष नाही, ही पुण्याला काय दिवे लावणार, असं म्हणून आप्पा माझं शिक्षण मोडतील. शिवाय देवापुढच्या चाव्या नदीत टाकल्या, म्हणजे अपशकुनही माझ्याच कपाळी. आणि आणखी एक खोटं मी स्वतःला सांगितलं, की चाव्या सापडल्या नाहीत तर चार दिवसांनी सगळे विसरतील.

विसरतील कसे? दुसऱ्या दिवशी आप्पांनी सगळ्यांदेखत गेनूमामांना विचारलं, "तार घालून दार उघडता येतं का रं तुला?"

गेनूमामांनी त्यांच्याकडं पाहिलं. "न्हाई," म्हणाले.

ते खोटं बोलले, हे मला ठाऊक होतं. वर्षभरापूर्वी न्हावऱ्याच्या बाजारात चाव्या आत राहिल्या होत्या, तेव्हा मी बरोबर होते. त्यांनी काचेच्या फटीतून तार सोडून भाकरी उलटायला लागतो तेवढ्या वेळात दार उघडलं होतं. पण आता उघडलं असतं, तर आप्पा म्हणाले असते, बघा, चावीशिवाय गाडी पळवायची कला ह्याच्या हातात आहे. इतका सरळ माणूस, त्यालाही आप्पांपुढं खोटं बोलायची वेळ आली, आणि ती माझ्यामुळं आली. काच फोडायचा विषय निघाला तेव्हा आप्पा उसळले. दसऱ्याचा हार घातलेल्या गाडीची काच फोडायची? आणि तसली काच पुन्हा मिळणार कुठं?

स्टँडजवळचा चावीवाला येऊन कुलपात डोकावून गेला. "असल्या खाचेची कोरी चावी माझ्याकडं न्हाई," तो म्हणाला. "दौंडला हुसेनचाचाकडं जावा. रेल्वेच्या शेडमधी फिटर हुता. जुनंपानं समदं त्याच्याकडंच मिळंल."

गेनूमामा लगेच म्हणाले, मी जातो. आप्पांनी मला आत बोलावलं. "तू संगं जा. किती चाव्या करतो त्यावर नजर ठेव. एक जोड ऱ्हाईल त्याच्याकडं, तर कळायचं न्हाई." आज विचार करते तर हसू येतं आणि संतापही. ज्या माणसावर खटाऱ्यापुरताही भरवसा नव्हता, त्याच्याबरोबर आप्पांनी सतरा वर्षांची लेक खुशाल एस.टी.त बसवून दिली. म्हणजे मनातून त्यांना माणूस कळत होता. पण एकदा चोर म्हटलं की मागं फिरायचं कसं, हे त्यांना कळत नव्हतं.

सकाळची दौंडची गाडी. न्हावरा गेलं, इनामगावचा फाटा गेला. दोन्ही बाजूंना ऊस, मधेच कांद्याची रोपं. गेनूमामांनी मला खिडकीशी बसवलं आणि स्वतः मधल्या दांड्याला धरून उभे राहिले, जागा असूनही. माझ्या मांडीवर आईनं दिलेला दशम्यांचा डबा होता. एका थांब्यावर त्यांनी खिडकीतून पेरू घेऊन मला दिले. मीठ लावलेले. मी म्हटलं, "मामा, तुम्ही पण घ्या." ते म्हणाले, "घशाखाली काय उतरंना, ताई. बायकोबी इचारती, तुमी न्हाई ना घेतल्या? आता घरातल्या माणसानं असं इचारल्यावर काय बोलायचं?" मी पेरू खाल्ला. अख्खा खाल्ला. घास फिरत होता तरी खाल्ला, कारण तोंडात काही असलं की बोलावं लागत नाही.

दौंड म्हणजे इंजिनांचं गाव. स्टँडबाहेर पडलं की शिट्ट्या, डबे जोडल्याचे दणके, कोळशाचा वास. रेल्वे कॉलनीच्या वळणावर एका लिंबाखाली हुसेनचाचाचं टेबल होतं. वर छत्री बांधलेली, टेबलाच्या कडेला चावी घट्ट धरायचा लोखंडी शेगडा, आणि तारेत ओवलेल्या शेकडो चाव्या. वारा आला की त्या किणकिणायच्या. चाचांनी चष्म्यावरून आधी गेनूमामांकडं पाहिलं.

"गाडी तुजी?"

"मालकाची."

"मग मालक कुठंय? मालक न्हाई तर चावी न्हाई. चाळीस वर्सांचा कायदा हाय माजा."

गेनूमामांनी माझ्याकडं बोट केलं. "ही मालकाची लेक."

चाचांनी मला टेबलाच्या जवळ बोलावलं. आवाज मऊ केला. "सांग बेटी. चावी हरवली का चोरीला गेली? चोरीला गेली आसंल, तर नवी चावी करून काय फायदा? कुलूपच काढून टाका."

"हरवली," मी म्हणाले.

"कुणाच्या हातनं?"

मागं कुठंतरी इंजिनानं लांब शिट्टी दिली. ती संपेपर्यंत मला वेळ मिळाला. शिट्टी संपली. गेनूमामा माझ्या शेजारी उभे होते, चाचा थांबले होते. मी म्हटलं, "माहीत नाही."

चाचांनी मान डोलावली आणि पत्र्याच्या पेटीत कोऱ्या चाव्या शोधायला लागले. गेनूमामा माझ्याकडं वळून हलक्या आवाजात म्हणाले, "हरवली म्हणालीस. चोरीला गेली न्हाई म्हणालीस. लई बरं वाटलं बघ, ताई." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. माझी सत्तरी जवळ आली. मुलांची दुखणी झाली, नवरा गेला, नाही नाही ते ऐकून घेतलं. पण त्या माणसानं माझे मानलेले ते आभार मला अजून ऐकवत नाहीत.

हल्ली माझा भाचा म्हणतो, जुन्या गाडीची चावी हवी असेल तर कुलपावरचा नंबर फोनवरून धाडायचा, चावी घरपोच. त्यानं हरणीचा सांगाडा रंगवून कासुर्डीजवळ हायवेला आपल्या हॉटेलसमोर उभा केलाय, पोरं तिला टेकून फोटो काढतात. मला दोनदा बोलावलं. मी गुडघ्यांचं कारण सांगते.

चाचा आमच्याबरोबर दुपारच्या गाडीनं शिरूरला आले. अंगणात आप्पा बाज टाकून बसले होते, हरणीपासून चार हातांवर. शेजारपाजारचे दोघे-तिघे होते. आई दारात. चाचांनी तेल सोडून कुलूप मोकळं केलं. मग दिवा पेटवला, कोरी चावी त्याच्या काजळीवर काळी केली, ड्रायव्हरकडच्या दारात घातली, डावी-उजवी दाबली आणि काढून उन्हात धरली. काळ्या पात्यावर जिथं आतल्या पट्ट्या टेकल्या होत्या तिथं टाचणीच्या टोकाएवढे चकचकीत ठिपके उमटले होते. तेवढंच कानसायचं, पुन्हा काजळी, पुन्हा कुलपात. कानस दोन वेळा जास्त फिरली तर चावी फुकट. अशा दोन चाव्या त्यांनी फुकट घालवल्या. उन्हं चिंचेच्या खाली उतरली. कानशीचा आवाज तेवढा चालला होता. चावी झाली की सगळं मिटेल, असं मी दोन दिवस स्वतःला बजावलं होतं. पण आप्पांचा चेहरा बघून कळत होतं, की मिटणार काहीच नाही. दार उघडेल, आणि पहिल्या चाव्या कुठं गेल्या हा प्रश्न तसाच राहील.

तिसरी चावी फिरली. कट्‌ असा आवाज झाला आणि दार स्वतःच्या वजनानं थोडं उघडलं.

"ह्या कुलपाला कुणी तारबिर लावलेली न्हाई, मालक," चाचा म्हणाले. "कुलूप साफ हाय."

"तार कशाला लावंल?" आप्पा म्हणाले. "खरी चावी खिशात असल्यावर?"

मग ते उठले. आत गेले आणि देव्हाऱ्यातली भंडाऱ्याची वाटी घेऊन आले. वर बेलाचं पान ठेवलेलं. वाटी त्यांनी हरणीच्या नाकावर ठेवली. आमच्या भागात बेलभंडारा उचलला की वाद संपतो. खंडोबाच्या नावानं खोटं बोलायची कुणाची छाती होत नाही.

"उचल," आप्पा म्हणाले. "चाव्या मी घेतल्या न्हाईत म्हण, आन् संपलं."

अंगणातल्या सगळ्यांना वाटलं, चला, सुटलं. गेनूमामा वाटीपर्यंत गेले. हात पुढं केला. मग मागं घेतला.

"न्हाई उचलत," ते म्हणाले.

"का?"

"अकरा वर्सं तुमच्या घरचं खाल्लं, आप्पा. रातंदिस गाडी हाकली, कवा पाटीतलं वांगं उचललं न्हाई. त्येवढ्यावर इस्वास बसत न्हाई, तर भंडाऱ्यावर कशाला बसवता? देवाला ह्यात वढायचं न्हाई."

"मंग लोकं काय म्हणतील ते ऐक," आप्पांचा आवाज चढला. "बेलभंडारा नाकारला म्हंजी काय, समद्या गावाला कळतं. उद्या दौंडच्या मालकालाबी कळंल!"

शेजाऱ्यांनी एकमेकांकडं पाहिलं. मला ते पाहणं दिसलं. तेवढ्यातच तो माणूस चोर ठरला होता. आता शिरूरमध्ये काय आणि दौंडमध्ये काय, त्यांच्या हाती गाडी कोण देणार?

"आप्पा, चाव्या मी नदीत टाकल्या."

माझाच आवाज होता. मी दारातून अंगणात कधी आले ते कळलं नाही. "घट उठवताना निर्माल्यात गेल्या. झेंडूच्या खाली होत्या. मला दसऱ्याच्या दुपारीच कळलं होतं. मी भ्याले."

आईनं तोंडावर पदर घेतला. चाचांनी कानस पिशवीत ठेवली. मी डोळे मिटून थपडेची वाट पाहत होते. ती आली नाही. आप्पांनी भंडाऱ्याची वाटी उचलली आणि आईच्या हातात दिली. नवी चावी दारातच होती, ती काढून त्यांनी गेनूमामांपुढं धरली आणि घसा खाकरून म्हणाले, "उद्या पाट्या जास्त हायेत. जरा लवकर ये." माझ्या बापाला माफी मागायची एवढीच भाषा येत होती.

गेनूमामांनी चावी घेतली. हरणीच्या केबिनमध्ये चढले. आतून त्यांनी आपली घोंगडी काढली, पाण्याची जर्मनची बाटली काढली, काचेला अडकवलेला देवाचा फोटो काढून कपाळाला लावला. खाली उतरून दार लावलं आणि कुलूप नीट फिरवून पाहिलं. आप्पा बघत होते. त्यांना कळलं. पण "थांब" हा शब्द त्यांच्या तोंडून निघाला नाही.

चावी घेऊन ते माझ्याकडं आले.

"ताई, दौंडला जाताना येष्टीत बसला हुता, तवा तुमाला ठावं हुतं?" अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला अहो-जाहो केलं.

"हो."

"चाचांनी इचारलं तवा?"

"हो, मामा."

त्यांनी मान हलवली, हिशेब लागल्यासारखी. रागावले असते, चार शब्द बोलले असते तर मी ते डोक्यावर घेतले असते. त्यांनी चावी माझ्या हातावर ठेवली आणि घोंगडी खांद्यावर टाकून फाटकाकडं निघाले.

जूनमध्ये आप्पांनी मला पुण्याला शिकायला धाडलं. ज्याच्या भीतीनं मी गप्प बसले ते होणारच नव्हतं. हरणीवर मग दोन-तीन ड्रायव्हर आले आणि गेले. गेनूमामा दौंडच्या नव्या गाडीवर गेले, असं आई सांगायची. त्या संध्याकाळी मी फाटकापर्यंत त्यांच्या मागं गेले होते. ते सावकाश चालत होते, हाक मारली असती तर सहज ऐकू गेली असती. मी ओठ उघडले, आणि ते वळणावर दिसेनासे होईपर्यंत तशीच उभी राहिले.